गर्दी: नाही

धम्मदीपला पेलिकन रीफची दया आली, तिथून सगळं बिघडलं.

साल २००४. कल्याणीनगरच्या एका काचेच्या इमारतीत बसून आम्ही ऑस्ट्रेलियातल्या लाटांचा अंदाज लिहायचो. हसू नका, पगार वेळेवर व्हायचा. फळी घेऊन लाटेवर उभं राहायची हौस असलेले तिकडचे लोक एक वेबसाइट रोज बघत. लाट किती उंच, वारा कुठून, भरती कधी, गर्दी किती. आकडे तिकडून यायचे, वाक्यं आमची. मी सुनीती, टीमची प्रमुख. मला खडकवासल्याचं पाणीसुद्धा कठड्याच्या अलीकडून बघायला आवडतं. धम्मदीप विश्रांतवाडीचा, इंग्रजी फर्डं. समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा त्याला बस लागली होती.

पेलिकन रीफ त्याच्या वाट्याला आला होता. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली खडकाचा पट्टा, आणि त्यावर चढून फुटणारी लांबलचक, देखणी लाट. पण गर्दीच्या रकान्यात रोज एकच शब्द: नाही.

"बिचारं हो मॅडम," तो एकदा मला म्हणाला. "इतकी चांगली लाट, आणि कुत्रं फिरकत नाही."

पुण्याचा माणूस दुसरं काय म्हणणार? ज्या मिसळीपुढे रांग नाही तिच्यात काहीतरी गडबड असणार, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. रिकामं हॉटेल दिसलं की आपण मालकाची कीव करतो आणि पुढच्या हॉटेलात जातो. धम्मदीप मनाने चांगला, त्याने त्या लाटेचे दिवस पालटायचं ठरवलं. पाणी काचेसारखं, सकाळचा वारा जमिनीकडून, लाट एवढी लांब की तिच्यावर उभं राहून घरच्यांची आठवण काढायलाही वेळ मिळतो, असं काय काय लिहिलं. वाचून मलाच फळी घ्यावीशी वाटली.

महिन्याभरात तिथे जत्रा भरली. वेबसाइटने तिथल्या टेकडीवर लावलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात पाण्यावर माणसांचे ठिपकेच ठिपके. धम्मदीपने पेढे आणले. खरंच आणले.

मग बुधवारी आमच्या क्लायंटचा, ग्रेगचा फोन आला. "इथे एक बाई आल्या आहेत, त्यांना तुमच्याशी बोलायचंय," म्हणाला. आम्ही स्पीकर लावला. बाईंचं नाव बेरिल, वय सत्तरीच्या पुढे.

"पेलिकन रीफवर ते काव्य कोणी केलंय?"

"मी, मॅडम," धम्मदीप हरखून म्हणाला.

"छान आहे. माझं आयुष्य त्या लाटेवर गेलं. आता गुडघ्यांमुळे मला फळीवर उभं राहायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात एखादा पोरगा माझी लाट घेऊन जातो. हल्ली मी वाळूत बसते आणि परत येते. माझ्याकडे आता फार वर्षं नाहीत. मला माझी लाट परत हवी आहे."

बोलल्या इंग्रजीत, पण सूर थेट सदाशिव पेठेचा. आवाज चढला नाही आणि बोचायचं तिथे बरोबर बोचलं.

त्या दुपारी धम्मदीपने जेवणाचा डबा उघडला नाही. "मला वाटलं, मी भलं करतोय," एवढंच म्हणाला. मी रागावणार होते, पण मला त्याचं फार वाईट वाटलं. मी वारज्यात फ्लॅट घेतला तो 'गर्दीपासून दूर' अशी जाहिरात वाचून. ती जाहिरात अख्ख्या पुण्याने वाचली होती. आता गॅलरीतून हात लांबवला तर समोरच्यांच्या तुळशीला पाणी घालता येतं.

"उद्यापासून लिहितो, लाट नाही आणि शार्क आहेत."

"खबरदार! एक अक्षरही खोटं चालणार नाही. त्या अंदाजावर माणसं पाण्यात उतरतात."

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "कॉलेजात असताना मी नारायण पेठेत गोपाळकृष्ण काकांच्या मेसमध्ये जेवायचो. काका कधी खोटं बोलले नाहीत, फक्त सगळ्या गैरसोयी दारावरच्या पाटीत लिहायचे. तिथे कधी गर्दी झाली नाही."

"जेवण कसं होतं?"

"फर्मास! म्हणून तर मी कोणाला सांगितलं नाही."

आणि हे बोलून तो स्वतःच थबकला. मग कीबोर्ड ओढला आणि लिहायला लागला. मूळ मजकूर इंग्रजीतला, पण मला त्यात काकाच ऐकू येत होते:

"लाट छातीएवढी. खडक गुडघाभर पाण्याखाली. पडण्याआधी विचार करावा, नंतर वेळ मिळत नाही. गाडी लावायला जागा नाही. चहा मिळत नाही. पत्ता विचारायला माणूस नाही, असला तरी सांगेलच असं नाही. लाट येईल तेव्हा येईल. घाई असणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. पहिली लाट वयाने मोठ्या माणसाची."

ग्रेगने शब्द न् शब्द ताडून पाहिला. एकही चूक सापडेना. वाचक पोट धरून हसले आणि घरी बसले. ठिपके कमी होत होत एकच उरला.

"मिळाली," फोनवर बेरिलबाई म्हणाल्या. धम्मदीपने डोळे पुसले आणि एसीला नावं ठेवली.

गोष्ट इथे संपली असती, पण पुढे एका बुधवारी त्यांचा पुन्हा फोन. आवाज जरा नरम.

"काल अशी लाट मिळाली, की काय सांगू. वळून पाहिलं, तर दाखवायला कोणी नाही. येताना पडले, फळी एकटीने ओढत आणली. तुझ्या त्या अंदाजात एखादंच माणूस बसतं का बघ."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "यांना गर्दी नको, आणि एकटंही नको!"

"काकासुद्धा एकटे जेवायचे नाहीत, मॅडम," धम्मदीप म्हणाला. "शेवटी कोणाला तरी धरून शेजारी बसवायचेच. बहुतेक मलाच."

त्या दिवशी त्याने मजकुरात काही बदललं नाही. फक्त शेवटी एक ओळ घातली: "एकाला जागा आहे. गप्पांची आवड हवी. लाट आल्यावर गप्प बसता यायला हवं."

बरेच दिवस कोणी आलं नाही. धम्मदीप रोज आल्या आल्या कॅमेऱ्याचं चित्र उघडायचा आणि बंद करायचा. मग एका सकाळी त्याने मला हाक मारली. तिकडे दुपार झाली होती. पाण्यात दोन ठिपके होते. एक लाटेवरून सावकाश घसरत चालला होता, आणि मागच्या ठिपक्याने हात वर केला होता. चित्र धूसर होतं, हात कदाचित फळीचं टोकही असेल. पण धम्मदीप हातच म्हणाला, आणि मी चक्क वाद घातला नाही.

त्याने उद्याचा अंदाज उघडला. लाट, वारा, भरती भरली. गर्दीच्या रकान्यातलं 'नाही' खोडलं आणि लिहिलं, 'पुरेशी.'