साडेतीन तास मागे

मी एक जुने, टोले देणारे घड्याळ आहे. मित्रांनो, वेळ सांगण्यापलीकडे मला काही नीट सांगता येईल का, याची मलाच शंका वाटते. तरी प्रयत्न करते.

हर्सूलच्या या घरात मला लक्ष्मणरावांनी आणले, मुलाच्या, म्हणजे हिमांशूच्या बारशाला. तासाला तितके टोले, अर्ध्या तासाला एक. "आमचं घड्याळ रेडिओलासुद्धा वेळ सांगेल," असे ते पाहुण्यांना कौतुकाने म्हणत. ते गेले आणि माझी किल्ली त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंच्या हाती आली.

हिमांशू इंजिनीअर झाला. यंत्रे उभी करायला कंपनी त्याला वरचेवर जर्मनीला पाठवू लागली. एका मे महिन्यात निघण्यापूर्वी तो स्टुलावर चढला. मला जर्मनीप्रमाणे साडेतीन तास मागे न्यायचे होते. टोल्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवत नाहीत, म्हणून त्याने ते साडेआठ तास पुढे नेले, प्रत्येक टोला थांबून ऐकत.

"आई, यात आता माझी वेळ दिसेल. साडेबाराला माझी जेवणाची सुट्टी. तेव्हाच फोन कर. कामात उचलता येत नाही, मग तू चिडतेस."

"मी कुठं चिडते? तूच खेकसतोस."

उन्हाळा छान गेला. इथे दुपारचे चार झाले की माझ्यात साडेबारा वाजत आणि मायलेक बोलत.

ऑक्टोबरात तो पुन्हा गेला. दिवाळी जवळ आली होती. तिला एकच विचारायचे होते, तू येणार का? अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, आणि एकटीसाठी ती ते भिजवत नसे.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिकडे सगळी घड्याळे एक तास मागे करतात. कामाच्या गडबडीत हिमांशू ते सांगायला विसरला. मला तरी कोण सांगणार?

माझ्यात साडेबारा वाजले की ती फोन लावी. तिकडे साडेअकराच झालेले असत. तो फोन कापी. मग ती देवळात जाई. देवळात फोन न्यायचा नाही, हा तिचा नेम. माझ्यात दीड वाजले की तिकडे त्याची सुट्टी होई आणि रिकाम्या घरात त्याचा फोन वाजत राही. परतल्यावर ती फोन पाही, मग मला पाही आणि म्हणे, "आता तो कामात असेल." त्याचे काम सुटेपर्यंत तिला झोप लागलेली असे.

हिमांशूचा मित्र सोमनाथ औषधे घेऊन आला. "काकू, तुमचा साहेब लई मोठा झालाय. मलाबी इसरला. झापू का त्याला?"

"नको रे. येणार असता तर फोन उचलला असता."

नवव्या दिवशी माझ्याखालच्या खुर्चीत बसून तिने फोन लावला. तो कापला गेला. त्या दिवशी ती देवळात गेली नाही. तिची मान कलली. एकचा टोला मी दिला तेव्हा तिची बोटे हलली होती का, हे मी अजून आठवत बसते. दीडला तिच्या मांडीवर फोन वाजला. खूप वेळ वाजला.

हिमांशू आला. "तिकीट काढलंय, एवढंच सांगायचं होतं रे," तो सोमनाथला सांगत होता. सांगता सांगता त्याची नजर माझ्यावर गेली, मग मनगटावर. तिथे अजून जर्मनीचीच वेळ होती.

"सोम्या, हे एक तास पुढं आहे."

तो तिथेच जमिनीवर बसला.

मी तेव्हा एका मिनिटानेही चुकले नव्हते, मित्रांनो. तेच मला छळते.

माझे काटे त्याने कुणाला हलवू दिले नाहीत. घरी असला की तो चारला त्या खुर्चीसमोर बसतो. साडेबाराचा एक टोला, एकचा एक, दीडचा एक. तिन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून तो मोजतो. तिसऱ्याला रिकाम्या खुर्चीला म्हणतो, "येतोय गं आई."

माझी विनंती एवढीच, की दूरच्या आपल्या माणसाची वेळ भिंतीला विचारू नका. त्यालाच विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारले, तर हातातले काम ठेवून सांगा.

दर रविवारी मला किल्ली देतात. हिमांशू परदेशी असला तर सोमनाथ येतो. दोघांपैकी कुणीतरी एकदा विसरावे, असे मला फार वाटते.