सोनी विकायची नाही

माझ्या सासूबाई, केराबाई, फोनवरून घोंगडी विकतात. मी त्यांना आत्या म्हणते. लोकर आमच्याच मेंढरांची, सूत आत्यांच्या हातचं आणि विणकाम महादेवप्पांचं. दुकान म्हणजे सोलापुरात देगाव रस्त्यावरचं आमचं अंगण आणि माझ्या फोनवर उघडलेलं एक पान. गिऱ्हाईक फोटो बघतं, लिंकवरून पैसे भरतं, आत्या घोंगडं बांधून पोस्टात देऊन येतात.

एका सकाळी ती लिंक बंद पडली. पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीचं धोरण बदललं होतं. जिवंत प्राणी विकणाऱ्यांना यापुढे लिंक मिळणार नाही आणि तुमचं दुकान तसलं दिसतं, असा निरोप होता. गुरुवारी त्यांचं माणूस व्हिडिओ कॉलवर तपासणी करणार होतं. समाधान झालं नाही तर खातं कायमचं बंद.

"आपण मेंढरं कवा इकली फोनवर?" आत्यांनी विचारलं.

मी पान उघडलं आणि एखाद्या परक्या माणसाच्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला. प्रत्येक फोटोत एक मेंढी उभी होती आणि तिच्या पाठीवर घोंगडं. खाली आत्यांनी सांगितलेला मजकूर: 'सोनी. चार दाती. रंग अस्सल काळा. स्वभाव गरीब. कळपात मागं राहत नाही.' त्याखाली किंमत.

"आत्या, यात घोंगडं कुठं आहे?"

"पाठीवर हाय की. दिसत न्हाय व्हय?"

त्यांच्या हिशेबी यात काही चुकलेलं नव्हतं. लोकर घेणारा आधी जनावर बघतो. जनावर निरोगी, तर लोकर चांगली. लोकर चांगली, तर घोंगड्याबद्दल वेगळं काय सांगायचं? पुण्याच्या एका गृहस्थांनी मागे सोनी काय खाते असं विचारलं होतं. आम्ही ते कौतुक समजलो होतो.

"मेंढ्यांचे फोटो काढून टाकू," मी म्हणाले.

"मंग माझं घोंगडं कुणाचं म्हनून सांगू? गिरनीच्या सुताची, रंगवलेली, ढिगानं मिळत्यात."

"पण दुकानच बंद झालं तर?"

आत्यांच्या हातातली सूत कातायची चाती थांबली. पूर्वी त्या घोंगडी नातेपुत्याच्या एका व्यापाऱ्याला देत. तो त्यांना पायरीवर बसवून ठेवायचा आणि भाव स्वतःच सांगायचा. या पानावर लोक त्यांना नावानिशी लिहीत होते.

"त्या पायरीवर मी परत बसनार न्हाय," त्या म्हणाल्या.

पण फोटो काढायलाही त्या तयार नव्हत्या, म्हणून फोटो राहिले. अडचण मात्र धुळामामांची होती. ते आत्यांचे दीर. त्या आठवड्यात शेजारच्या शेतात खतासाठी त्यांनी मेंढरं बसवली होती, आणि मामा बाजारात एडके विकतात हे खरंच होतं. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे आम्ही 'आढळले नाही' असं लिहितो. 'नाहीच' असं लिहिता येत नाही. फोनवर आपण मेंढरं विकत नाही, हे दाखवायचं तरी कसं?

"भावजींना च्या प्यायला धाडू," आत्यांनी तोडगा काढला.

मामा गेले, आणि कॉल लागेपर्यंत परतही आले. फोनमधून बाई मेंढरं बघणार आहे म्हटल्यावर त्यांना चहा गोड लागला नसावा.

पडद्यावरच्या मुलीचं नाव उत्कर्षा होतं. कानाला हेडफोन, समोर ठरलेले प्रश्न. तिनं घोंगडी बघितली, चाती फिरवून दाखवायला सांगितली. मग विचारलं, "मागे त्या मेंढ्या कुणाच्या?"

"आमच्या," मामा पुढे होऊन म्हणाले.

"विकता का?"

"इकतो की. सांगोल्याच्या बाजारात."

आत्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मी फोन थोडा दुसरीकडे वळवला.

"आणि ही पुढची? हिची किंमत किती?"

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर पसरला आणि हात फोनसमोर धरला. "हात द्या."

"काय?"

"हात द्या हितं, टावेलाखाली. जनावराचा भाव तोंडानं बोलत न्हाईत, बाई. चार मानसं ऐकत्यात. बोटं धरून सांगायचा असतोय."

"पण काका, मी फोनवर आहे."

"मंग कसं व्हायचं? आन् तुमी तिचं दात तरी कुटं बगितलं? वय कसं कळनार?"

"फोटो बघून घेतली तर?"

"फोटो बघून मेंढी घेनारा येडा, आन् देनारा त्येच्याहून येडा."

"भावजी, त्या साहेब हायत," आत्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आसूंदे की. शिकतील."

पडदा हलायला लागला. उत्कर्षा तोंडावर हात धरून हसत होती, आणि तिच्या खुर्चीमागून आणखी दोन चेहरे डोकावले. थोड्या वेळानं ती सावरली.

"काका, रेकॉर्डिंगसाठी एकदा नीट सांगा. फोनवरून तुम्ही जनावर विकू शकत नाही?"

"कसं इकू? तुमीच सांगा."

तिच्या यादीतले प्रश्न संपले होते. लिंक चालू करते, ती म्हणाली. मात्र मेंढी विक्रीसाठी नाही असं वर लिहा, घोंगड्याची लांबी, रुंदी, वजन द्या आणि दात काढून टाका.

"सोभाव तरी ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाल्या.

उत्कर्षानं विचार केला. "बरं, स्वभाव राहू द्या."

आत्यांनी पदर तोंडाशी धरला, पण हसू डोळ्यांत आलेलंच होतं.

"काका, ती बोटांची भाषा मला शिकवाल?" उत्कर्षानं हेडफोन उतरवत विचारलं.

"फोनवर न्हाय. सांगोल्याला या."

"येते एखाद्या रविवारी."

आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला. "बाजार पहाटं भरतो, लई गार असतंय तितं. घोंगडं आत्ताच सांगून ठिवा, बाई. महादेवप्पाला इनायला येळ लागतो."