गुंडू चेअरमन झाला तो दिवस

आमचं गाव कोल्हापूरहून गारगोटीला जाताना लागतं. आमच्या दूध संस्थेतला चेअरमन खुर्चीवरून उतरला तरी त्याची हाक उतरत नाही. अठ्ठ्याण्णव साली गावात असे पाच माजी चेअरमन होते. त्यांतले थोरले बाळासो. त्यांची म्हैस ‘चेअरमनची’ म्हटल्याशिवाय पान्हा सोडत नसे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या साली खुर्चीत होता गुंडू. त्याला मात्र कुणी चेअरमन म्हणेना. सकाळी डेअरीत गेला की एकच गलका, “गुंड्या, माझ्या दुधाला फॅट कमी कशी लागली रं?” घरी बायको, सरुबाई, म्हणायची, “आवं, चेअरमनांच्या घरनं जरा इरजण आणा की.” म्हणजे बाळासोंच्या घरून! एकदा तरी कुणी आपल्याला चेअरमन म्हणावं, एवढीच गुंडूची तळमळ.

अशात संस्था बघायला डेन्मार्कचा एक साहेब येणार असं कळलं. कोल्हापुरात राजारामपुरीला इंग्रजीच्या क्लासला जाणाऱ्या गावातल्या सोनमला गुंडूनं गाठलं.

“पोरी, ह्या पाचजणांचं समदं संपलंय, ह्ये सायबाला कळंल असं इंग्रजीत सांगता येतंय का?”

“येतंय की. त्यास्नी ‘हॅड बीन’ म्हणायचं. म्हंजे मागं कवातरी हुते, आता न्हाईत.”

“आन मला?”

“तुम्हाला ‘इज’, गुंडूकाका.”

“लई न्यायी भाषा हाय ही!” गुंडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

कार्यक्रमाला पाचही जण फेटे बांधून पुढच्या रांगेत. सोनम साहेबाला ओळख करून द्यायला उठली. “बाळासो हॅड बीन चेअरमन.”

बाळासो शेजारच्या जोतीरामला म्हणाले, “काय म्हणाली रं?”

“कळलं न्हाय, पण लई मोठं कायतरी म्हणाली.”

बाळासोंनी मिशीवर ताव दिला. पाचही जणांचं तसंच झालं, टाळ्या पडल्या. शेवटी, “गुंडू इज चेअरमन.” मागून कुणीतरी बोललं, “ह्येला एवढंसंच व्हय?”

पण साहेबाला बरोब्बर कळलं होतं. त्यानं चेअरमनच्या सत्काराची शाल उचलली, थेट गुंडूकडं बघितलं आणि हाक मारली, “चेअरमन!”

जन्मात पहिल्यांदा ही हाक आली, आणि गुंडूनं मागं वळून बघितलं, कुणाला बोलावतायत म्हणून! तोवर बाळासो सवयीनं उठले, पुढं गेले आणि मान वाकवून उभे राहिले. वाकलेली मान दिसल्यावर साहेब तरी काय करणार? घातली शाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूनं राजीनामा दिला. “फॅट बघायला दुसरा गुंड्या हुडका,” म्हणाला, आणि संध्याकाळी तोंड पाडून चहाच्या टपरीवर गेला.

बाकावरची माणसं चटकन सरकली. रोज फॅटवरून भांडणाऱ्या ज्ञानूनं स्वतःच्या टॉवेलनं बाक पुसला.

“या चेअरमन, बसा.”

गुंडूनं परत मागं वळून बघितलं.

मागं कुणीच नव्हतं.