लारिसाच्या शालीची चौथी बाजू

चित्रलेखाबाईंनी कोथरूडमध्ये तीस वर्षं विणकामाचे क्लास घेतले आणि त्या तीस वर्षांत कुणाचाही चुकलेला टाका खपवून घेतला नाही. स्वेटर गळ्यापर्यंत आलेला असो, खाली पट्टीत एक टाका सुटलेला दिसला की बाई म्हणायच्या, "उसव." पोरी डोळ्यांत पाणी आणून उसवायच्या आणि पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला घेऊन यायच्या. अशी बाई सातासमुद्रापार वॉलॉंगॉंगला मुलाकडे तीन महिन्यांसाठी आली आणि करोनामुळे दीड वर्ष अडकली, म्हणजे सुनेचं काय झालं असेल बघा! पण निहारिका हॉस्पिटलात फिजिओ, कुरकुरणाऱ्या माणसांशी गोड बोलायची तिला सवय. एकवीस सालच्या जूनअखेर पुन्हा लॉकडाऊन लागलं, मुलगा मिहिर बेडरूममध्ये बसून युनिव्हर्सिटीची लेक्चर्स घेऊ लागला, आणि तिसऱ्यांदा मसाल्याचे डबे नव्याने लावायला निघालेल्या सासूला निहारिका म्हणाली, "आई, बॅकयार्डात ऊन काय मस्त पडलंय! बसा ना जरा."

बाई बसल्या. खांद्याएवढ्या कुंपणापलीकडे शेजारची हालिना बसलेली असे. वय ब्याऐंशी, नवरा जन्मभर पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात राबून आठ वर्षांपूर्वी गेलेला. तिच्या मांडीवर एक पांढरी शाल होती, धुक्याइतकी तलम. पण म्हातारी विणत नव्हती, नुसती बसून राहायची. हातात काम घेऊन नुसतं बसायचं? चित्रलेखाबाईंनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी मास्क लावला, कुंपणाशी गेल्या आणि आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "का थांबलीस?"

हालिनाने दोन्ही हात वर करून दाखवले. संधिवाताने बोटं वाकडी झाली होती.

मग हळूहळू सगळं कळलं. हालिनाची आई रशियातल्या ओरेनबुर्गकडची, वडील युक्रेनचे. शालीवर आईकडचे नमुने होते, मधोमध उंदराची पावलं आणि कोपऱ्यांत लहान लहान मासे. काठाला वडिलांच्या गावचे आठ टोकांचे तारे. तीन बाजू झाल्या होत्या, चौथी राहिली होती. नात लारिसा तिच्याचजवळ राहायची. सप्टेंबरात तिचं लग्न होतं आणि त्यांच्या घरची एक रीत होती. नवरीची शाल चारचौघांसमोर नवरीच्याच अंगठीतून आरपार ओढायची. हालिनाच्या आईची गेली होती, हालिनाची गेली होती, लेकीची गेली होती.

"आणि आता माझ्यामुळे थांबणार," हालिना म्हणाली.

"थांबते कशी! दे इकडे," बाई म्हणाल्या.

बोलून तर बसल्या, पण पहिल्याच दिवशी बाईंचा माज उतरला. कोथरूडचा हात स्वेटरचा, गच्च. हालिनाने विणलेलं चिमटीत धरलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "हा दगड आहे. उसव."

चित्रलेखाबाईंना कुणी 'उसव' म्हणायची ही उभ्या आयुष्यातली पहिली वेळ. त्या तणतणत घरात आल्या. "समजते कोण स्वतःला! मी हजार पोरी शिकवल्यात!" निहारिका कणीक मळत होती, तिने खाली मान घालून हसू दाबलं. बाईंनी मात्र गुपचूप उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उसवलं. चौथ्या वेळी हालिनाने मान डोलावली, आणि बाई घरात येऊन सुनेला म्हणाल्या, "आज शिरा करते गं." त्यानंतर रोज दुपारी कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या लागल्या. म्हातारी तोंडाने विणायची आणि बाई हाताने. भांडायच्या तर इतक्या की मिहिर खिडकीतून ओरडायचा, "आई, म्यूट! मी लेक्चरमध्ये आहे!" दीड वर्षात पहिल्यांदाच बाईंनी पुण्याच्या विमानाची चौकशी केली नाही.

लग्न शनिवारी होतं. बुधवारी शेवटचा टाका पडला. गुरुवारी शाल धुऊन, ताणून वाळवून झाली आणि बाईंना राहवेना. उद्या द्यायची, त्याआधी एकदा अंगठीतून काढून बघावी. पण अंगठी कुठली? स्वतःची पुण्यात, बँकेच्या लॉकरमध्ये. निहारिकाची तिच्या बोटात, हॉस्पिटलात. बाईंची नजर पायाकडे गेली. जोडवं! चांदीचं, वेढ्यांचं, लग्नात सासूने घातलेलं. तेही लग्नाचंच की! साबण लावून काढलं, धुतलं, पुसलं, आणि शालीचं टोक आत सरकवलं.

शाल सुळसुळ निघाली. बाई खुशीत आल्या, जरा जोर लावला. आता जोडव्याला दोन तोंडं असतात, हे चाळीस वर्षं जोडवी घालणाऱ्या बाईला सांगायला हवं का? वेढ्याच्या उघड्या तोंडात धागा अडकला आणि टच्च झालं. कोपऱ्यातल्या एका माशाची शेपूट बघता बघता उसवली.

 बाईंनी क्रोशाच्या सुईने एकेक टाका उचलला, नवा धागा जोडला, गाठ मारली, टोकं लपवली. संध्याकाळी निहारिकाने शाल उजेडात धरून पाहिली.

"आई, मला तर काहीच दिसत नाहीये. पण त्यांना सांगून टाका ना."

"परवावर लग्न आलंय. म्हातारीच्या जिवाला उगाच घोर कशाला?"

ही आपली सबब. खरं एवढंच होतं की हजार पोरींना उसवायला लावलेल्या बाईला स्वतःची चूक कबूल करायची लाज वाटत होती. शुक्रवारी त्यांनी शाल पिशवीत घालून कुंपणावरून दिली. हालिनाने ती दोन्ही हातांनी चाचपली आणि म्हणाली, "छान झाली." बाई मूग गिळून बसल्या. रात्रीचं जेवणही त्यांना गेलं नाही.

शनिवारी सकाळी हालिनाच्या बॅकयार्डात लग्न लागलं. नियमाप्रमाणे पाहुणे पाचच. लारिसाचे आईबाप पर्थमध्ये, तिकडच्या राज्याची सीमा बंद, म्हणून ते टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये बसून रडत होते. चित्रलेखाबाई आपल्या बाजूला, ठेवणीतली पैठणी नेसून, कुंपणाला टेकून उभ्या. मागे निहारिका आणि मिहिर.

लारिसाने अंगठी काढून धरली. नवऱ्याने शालीचा कोपरा आत घातला आणि ओढू लागला. मासे गेले, उंदराची पावलं गेली, तारे जाऊ लागले. सगळे टाळ्या वाजवायला हात उचलून तयार. आणि शेवटच्या हातभर शालीला ती अडली.

नवऱ्याने जरा ओढलं. हलेना. लॅपटॉपमधून लारिसाची आई ओरडली, "काय झालं?" हालिनाचा चेहरा पडलेला बाईंना दिसला आणि त्यांचा धीर सुटला.

"ओढू नकोस!" त्या मराठीतच किंचाळल्या. मग इंग्रजीत, "थांबा! चूक माझी आहे. गुरुवारी माझ्याकडून धागा तुटला. मी गाठ मारली आणि लपवली. हालिनाच्या कामात काही खोट नाही. मी खोटं वागले." बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मास्क ओला झाला होता.

 मग हालिना उठली, कुंपणापाशी आली.

"बोटं वाकडी झाली, पण मेलेली नाहीत," ती म्हणाली. "गाठ मला कालच हाताला लागली होती. तू सांगतेस का, याची वाट बघत होते. रात्रभर चिडले होते तुझ्यावर!"

"मग चेहरा का पडला होता तुझा?"

"वाटलं, आता ही कधीच सांगणार नाही." आणि ती वळून नवऱ्या मुलाला म्हणाली, "मागे काढ. गाठीची टोकं एका बाजूला झुकलेली असतात. या दिशेने अडतात, उलट्या दिशेने जातील. गाठीचा कोपरा आधी घाल आणि तो चित्राच्या हातात दे. शेवटची बाजू जिने विणली, तिने ओढायचं."

"मी? अगं, पाच पाहुणे झालेत ना!"

"तू कुठे आलीस आत? तू तुझ्या घरी उभी आहेस."

लारिसा हसत कुंपणाशी आली, अंगठी वर धरून. बाईंनी सॅनिटायझर चोळला, पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि शालीचं टोक धरलं. मोडलेल्या शेपटीचा मासा अंगठीच्या कडेला टेकला. बाईंनी हळूच ओढलं. मासा गेला. मग तारे, मग उंदराची पावलं, मग हातभर शाल उरली, वीतभर उरली, आणि सर्रकन सगळीच्या सगळी कुंपणाच्या अलीकडे आली!

पलीकडे टाळ्या, शिट्ट्या, लॅपटॉपमध्ये हुंदके. मिहिरने इतक्या जोरात शिट्टी मारली की कोपऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. चित्रलेखाबाई शाल छातीशी धरून तशाच उभ्या होत्या.

"चित्रा," लारिसा म्हणाली, "मला देणार ना? लग्न माझं आहे."

"थांब गं बाई," बाई म्हणाल्या, "एकदा डोळे भरून बघू तरी दे."