नव्वदचा आकडा

माझा हिरवा रंग उडाला आहे, पाय गंजले आहेत, पण स्प्रिंग अजून ताठ आहे. मी वजनाचा काटा आहे, मित्रांनो, आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. लोक म्हणतात, म्हाताऱ्याने हेवा करू नये. मी केला. त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पहिली वीस वर्षे मी कंपाला शहरातल्या एका लहान दवाखान्यात काढली. गरोदर बाया माझ्यावर उभ्या राहत आणि आकडा वाढला की हसत. पुढे तिथे नवे काटे आले, मला अडगळीत टाकले. तिथून मला कसुले नावाच्या निवृत्त शिपायाने उचलले. सगळे त्यांना आदराने 'म्झे', म्हणजे आजोबा, म्हणत. त्यांनी मला घासूनपुसून बाह्यवळण रस्त्याच्या कडेला मांडले.

संध्याकाळी त्या रस्त्यावर माणसे पळायला येत. एका बाजूला ट्रक, टॅक्सी आणि भाड्याच्या बोडाबोडा मोटारसायकली धूर ओकत उभ्या, दुसऱ्या बाजूला ही माणसे घाम गाळत. पळून झाले की नाणे देऊन माझ्यावर चढत. त्यांत माझी सर्वांत लाडकी होती नाल्वोगा. कालेर्वे बाजारात ती केळीचे घड विकायची. तिची थोरली बहीण रक्तदाबाने बाजारातच कोसळली आणि गेली. तेव्हा नाल्वोगाचे वजन होते एकशे चार किलो. तिने ठरवले, नव्वदवर यायचेच.

"म्झे, तुमचा काटा खोटारडा आहे!" ती ओरडायची. "कालपासून नुसत्या शेंगदाण्यांवर आहे मी!"

"आणि चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट? ते काय तुझ्या शेजारणीनं खाल्लं?"

ती खळखळून हसायची. आकडा एकाने उतरला तरी वाकून माझ्या काचेला हात लावायची. माझ्या साऱ्या आयुष्यात इतके प्रेम मला कुणी दिले नव्हते. ती त्र्याण्णववर आली तेव्हा मला वाटले, हे मीच केले.

मग अचेंग आली. ही विद्यापीठात शिकणारी मुलगी. तिने समोरच्या खांबावर एक पांढरी डबी बसवली. ना तिला पोलाद, ना स्प्रिंग, ना कधी कुणाचा भार सोसलेला. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल, एवढेच तिचे काम. पण लोक तिच्याकडे मान वर करून पाहू लागले. माझ्याकडे मात्र मान खाली घालूनच पाहतात.

"ताई, या वेळी इथं पळू नका," अचेंग नाल्वोगाला म्हणाली. "पळताना माणूस कितीतरी जास्त हवा ओढतो. अंग जड असलं की आणखी जास्त. धूर सगळ्यांनाच आहे, पण तुमच्या ताटात डावभर जास्त पडतो."

"म्हणजे जाड्या बाईनं घरी बसून फुगायचं?"

"पळा ना! चर्चमागच्या टेकडीवर पळा. दुपार उतरताना."

नाल्वोगा टेकडीवर जाऊ लागली. माझ्याकडे आठवड्यातून एकदा येई, तीही आधी डबीकडे बघून. मी जळत होतो. काल आलेली ही डबी! तिला वाऱ्याने पाडावे, कावळ्याने टोचावे, असे मी रोज मनात म्हणे.

कोरड्या दिवसांत रस्त्याची तांबडी धूळ डबीच्या सौरपट्टीवर साचली आणि एके दिवशी दिवा विझला. खरे सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. अचेंग गावी गेली होती.

"डबी झोपलीय," नाल्वोगा म्हणाली. "टेकडी चढायला वेळ कुणाला आहे? नव्वदला तीनच तर उरलेत."

ती पुन्हा रस्त्यावर पळू लागली, तेही सलग पंधरा संध्याकाळी. रोज ती खोकायची, रोज आकडा थोडा उतरायचा. मला खोकला ऐकू येत होता. मी फक्त आकडा पाहत होतो.

सोळाव्या दिवशी काटा बरोबर नव्वदवर थांबला.

"म्झे! बघा, नव्व..."

शब्द पुरा झालाच नाही. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, ओठ काळवंडले आणि ती माझ्यावरूनच खाली कोसळली.

"अगं पोरी, श्वास घे! श्वास घे!" म्झे ओरडत राहिले. त्यांनी आणि एका बोडावाल्याने तिला मोटारसायकलवर मधे धरून दवाखान्यात नेले. माझा काटा शून्यावर परतला. एवढा मोठा विजय, आणि सांगायला समोर कुणी नव्हते.

ती वाचली. महिन्याने आली तेव्हा अचेंग शिडीवर उभी राहून डबी पुसत होती. लाल दिवा लागला. नाल्वोगाने तो पाहिला आणि पळायचे बूट पिशवीत टाकले. मग ती माझ्यावर चढली. शहाण्णव.

"वाढलं तर वाढलं," ती म्हणाली. "उतरवीन हळूहळू, टेकडीवर. ताईला रक्तदाबानं नेलं. मला काय धुरानं जायचंय?"

त्या दिवसापासून लाल दिवा लागला की म्झे माझ्यावर गोणपाट टाकतात आणि आलेल्यांना परत पाठवतात. गोणपाटाखाली मला डबीचा हेवा अजून वाटतो. तो गेला असे सांगितले तर ते खोटे होईल, आणि काट्याने खोटे बोलू नये.

म्हणून एवढेच मागतो, मित्रांनो. धुरात पळून माझ्याकडे येऊ नका. चढण्याआधी एक खोल श्वास घ्या. छाती वाजली, तर मला खुशाल पाठ दाखवा आणि घरी जा. मला राग येईल. येऊ द्या.