मित्राच्या नावाने विचारलेला रस्ता

आपण घराबाहेर पाऊल टाकत नाही, असं कवळीवाल्याने बापाला फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं, की पुढे पुढे त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. सुरुवातीला ते खरं होतंही. साथ आली तसे दातांचे दवाखाने बंद झाले आणि त्याच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये प्लास्टरचे जबडे फळीवर धूळ खात बसले. लोक जिवाला घाबरले होते, कवळ्या कोण करून घेणार? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, याचं तर दुसऱ्यांच्या दातांवरच पोट होतं.

बाप निवृत्त बसड्रायव्हर. आयुष्यभर डोंगरातल्या जुन्या रस्त्यावर बस चालवली आणि घरही त्याच रस्त्याला लागून बांधलं. आई गेल्यापासून तिथे एकटेच राहत. त्यांची कवळी अर्थात मुलानेच केलेली, आणि तिचं कौतुक ते वाटेत भेटेल त्याला तोंड उघडून दाखवत.

पण हल्ली फोनवर त्यांच्या बोलण्यात मधूनमधून 'टक' असा आवाज यायचा. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. कवळीवाल्याला मात्र पहिल्याच फोनला कळलं की हिरडी झिजून खाली बसली आहे, खालची कवळी सुटते आहे आणि म्हातारा काही चावू शकत नसणार. बापाने तक्रार अशी केलीच नाही. एकदाच म्हणाले, खालची जरा हलते, आलास की बघ. तो म्हणाला, येतो, पण हे ओसरू दे. आम्ही माणसांच्या गर्दीत राहणारे, तुमच्या जिवाला धोका नको. बापाने लगेच हो हो म्हटलं. त्यानंतर पेज आणि मऊ भातावर त्यांचे किती महिने गेले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही.

मग साथ ओसरल्यासारखी झाली आणि मेहुणीला पाय फुटले. तिने फोनवर बहिणींचा आणि मैत्रिणींचा एक ग्रुप काढला, त्याला नाव दिलं 'चला, पळूया'. तिथे रात्रंदिवस सल्ल्यांचा बाजार भरे. कुठल्या हॉटेलात तपासणीचा रिपोर्ट मागतात, कुठे नुसतं कपाळावर ते ताप मोजायचं यंत्र धरून सोडून देतात. चादरी आपल्या आपण न्या. खोली तळमजल्याची, स्वतंत्र दाराची घ्या. कुणी विचारलंच तर नात्यातलं आजारपण सांगा. सगळ्यांत हुशारीचा सल्ला मेहुणीचा स्वतःचा होता: फोटो परत आल्यावर टाका, तेही थोडे थोडे, आणि खाली लिहा 'जुनी आठवण'. त्यावर हसरे चेहरे आले. कवळीवाल्याची बायको ते वाचून नवऱ्याला दाखवायची आणि दोघंही हसायची.

बायकोला दोष देण्यात अर्थ नाही. ती बालवाडीची शिक्षिका, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोन उभा करून समोरच्या चौकोनांतल्या वीस पोरांना टाळ्या वाजवायला शिकवत होती. मुलगी, जिला सगळे बटण म्हणत, दुसऱ्या खोलीत खिडकीचे गज मोजत होती. घराला हवा हवी होती हे खरंच. तळ्याकाठी एक बंगली मिळत होती, ती घ्यायची ठरली.

अडचण रस्त्याची होती. नव्या मोठ्या रस्त्यावर चौकी बसली होती आणि ते प्रत्येकाला कारण विचारत होते. डोंगरातल्या जुन्या रस्त्यावर कुणी नव्हतं, पण तो कुठे खचलाय, कुठे बंद आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. मेहुणी म्हणाली, तुझ्या सासऱ्यांना विचार ना, त्यांना तिथला दगडन् दगड माहीत. बायको म्हणाली, कुठल्या तोंडाने विचारू, आम्ही दाराबाहेर पडत नाही म्हणून सांगितलंय. मेहुणीकडे याचाही सल्ला तयार होता. मित्रासाठी विचारतोय म्हणावं.

तर कवळीवाल्याने मित्रासाठी विचारलं.

बापाला इतका आनंद झाला की याला फोन कानापासून लांब धरावा लागला. अरे, एवढंच ना, म्हणत त्यांनी रस्ता सुरुवातीपासून सांगायला घेतला. पुलाच्या अलीकडे डावीकडे राहा, उजवी कड खचली आहे. देवडीच्या वळणाला हॉर्न दिल्याशिवाय वळू नका. टाकीचं पाणी पिऊ नका, पुढे झरा आहे. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढचे चार दिवस आठवेल तसा त्यांचाच फोन येत राहिला. तुझ्या मित्राला सांग, सकाळी धुकं असतं, ऊन वर आल्यावर निघ म्हणावं. तुझ्या मित्राला सांग, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेव, ब्रेकवर नाचू नको. आजवर कुणी त्यांना असं काही विचारलं नव्हतं आणि त्या मित्रावर त्यांचा जीवच जडला. प्रत्येक वाक्यात एकदा तरी टक व्हायचं.

"लहान मूल आहे का रे त्यांच्याबरोबर?" त्यांनी एकदा विचारलं.

"आहे वाटतं."

"मग खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांग. आपलं बटण नाही का, झऱ्याच्या वळणावर हमखास ओकायचं."

कवळीवाल्याला त्या क्षणी फार लाज वाटली. आत्ता सांगून टाकावं, असं तोंडापर्यंत आलंही. पण बंगलीचे पैसे भरून झाले होते, बॅगा दारात होत्या, आणि लाजेचं असं आहे की ती पोट बिघडल्यासारखी येते आणि थोडं पडून राहिलं की कमी होते.

मग बापाने एक गोष्ट मागितली. आधी तीनदा खाकरले. म्हणाले, तुझा मित्र परतताना माझ्या दारावरूनच जाईल ना? मग माझी कवळी नेईल का तुझ्यापर्यंत? डब्यात घालून, नीट बांधून फाटकाला अडकवून ठेवतो, त्यांना आत यायलाही नको. तू दुरुस्त कर, सावकाश पाठव.

कवळी म्हणजे काही घड्याळ नव्हे. ती तोंडाशिवाय दुरुस्त होत नाही. माणूस समोर बसवायचा, हिरडीचा ठसा घ्यायचा, मग आत नवा थर भरायचा, निळा कागद चावायला देऊन खूण उमटेल ते उंचवटे घासायचे. नुसती कवळी आणून तो फार तर तिला पॉलिश करू शकला असता. पण ते सांगायचं म्हणजे, तुम्हीच समोर हवे, मलाच यायला हवं, असं म्हणावं लागलं असतं. तो म्हणाला, ठेवा, सांगतो त्याला.

जाताना बापाचं घर आलं तेव्हा उन्हं वर आली होती. धुकं गेल्यावर निघायचं, हे त्यांनी पाळलं होतं. घराआधीच्या चढावर गाडीच्या इंजिनाचा बेल्ट नेहमीसारखा किंचाळला. तो बदल म्हणून बाप दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. बायकोने बटणला लपाछपीचा खेळ सांगितला: मी म्हणेपर्यंत सीटखाली मान घालून बसायचं.

"आजोबांपासून लपायचं?" बटणने विचारलं.

बायकोने तिची मान हलकेच खाली केली. बाप ओटीवर खुर्चीत बसले होते. समोरून जाणाऱ्या गाडीला हात करायची ड्रायव्हर लोकांची सवय असते, तसा त्यांनी हात वर केला. कवळीवाल्याने टोपी पुढे ओढली आणि गाडी दामटली. उलट हात त्याने केला नाही.

तळं छान होतं, हवा छान होती, बटण चिखलात यथेच्छ लोळली. मेहुणीने विचारल्यावर बायकोने ग्रुपवर कळवलं की जुना रस्ता उत्तम आहे, खुशाल या. कवळीवाल्याला मात्र पोळी चावताना स्वतःच्या दातांचा आवाज ऐकू यायचा.

परतीला त्याने गाडी फाटकापासून जरा लांब उभी केली. मास्क, टोपी, काळा चष्मा, असा जामानिमा केला. बायको हळूच म्हणाली की पुरे आता, चष्मा काढ आणि जाऊन सांग. तो म्हणाला, डबा घेतो आणि येतो, उगाच त्यांना वाईट वाटायला नको. बटण न सांगताच मान खाली घालून बसली. तिला खेळ पाठ झाला होता.

डबा सुतळीने फाटकाला बांधलेला होता, ड्रायव्हर मंडळी टपावर सामान बांधतात तशा पक्क्या गाठीने. ती त्याला सुटेना. तो खटपट करत असतानाच बाप खिडकीत आले. दात नसल्याने त्यांचे गाल आत गेले होते. तोंड एवढंसं झालं होतं, आणि त्याने आजवर शेकडो बोळकी पाहिली असली तरी बापाचं पाहिलं नव्हतं. कवळी बसवली तेव्हाही त्याने ते डॉक्टरांकडून करून घेतलं होतं.

"गाठीचं टोक डावीकडून ओढा," बाप म्हणाले. शब्द ओठांतून निसटत होते, तरी कळत होते. "फार उपकार झाले. माझा मुलगा येऊ शकत नाही, साथीमुळे. फार जपतो मला."

कवळीवाल्याने मान हलवली. आवाज काढला असता तर ओळख पटली असती.

"रस्ता ठीक होता ना? मी सांगितल्यासारखा?"

त्याने पुन्हा मान हलवली. गाठ सुटली. डबा हातात आला, हलका होता.

"जाताना थांबला नाहीत तुम्ही," बाप म्हणाले. "घाईत असाल. पण बेल्ट बदलून घ्या तेवढा. चढावर ऐकला मी. असा वाजणारा बेल्ट या रस्त्याला एकाच गाडीचा आहे."

तो डबा धरून तसाच उभा राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणत नाहीत.

"आणि त्या पोरीला वर बसू दे," बाप म्हणाले. "मान अवघडली असेल तिची. जातानाही खालीच होती."

बटणने ते ऐकलं आणि एकदम वर होऊन काचेला नाक लावलं. आजोबांनी तिला हात केला. ती बोळकं पाहून आधी दचकली, मग हसली. कवळीवाल्याने चष्मा काढला, मास्क काढला. मग त्याला जे येत होतं तेच तो बोलला.

"नुसती कवळी नेऊन काही होणार नाही, बाबा. ठसा घ्यावा लागतो. तुम्ही समोर लागता."

"असं होय," बाप म्हणाले. "मग त्या दिवशी हो का म्हणालास?"

त्याने फाटकाच्या कडीला हात घातला. सामान डिकीत होतंच, ठसा घ्यायची पूड, पसरट चमचा. ते त्याने निघताना का भरलं होतं हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. म्हणाला, आत येतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

"नको," बाप म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गेले कित्येक महिने मुलाने जे समजावलं, ते त्यांनी मनापासून मानलं होतं. "तू माणसांतून आलायस. तूच म्हणतोस ना, धोका नको. थोडे दिवस जाऊ देत. मग ये."

कवळीवाल्याने कडीवरचा हात काढला. डबा घेऊन जाण्यात अर्थ नव्हता, निदान हलती का होईना, कवळी त्यांच्या तोंडात तरी राहील. त्याने तो होता तिथे परत बांधला. गाठ काही तशी जमली नाही. तो गाडीत बसेपर्यंत बाप खिडकीतच उभे होते. तो फाटकापासून लांब गेल्याशिवाय डबा घ्यायला बाहेर यायचं नाही, हेही त्यानेच त्यांना शिकवलं होतं.