नांगर धरत नाही

जहाज कर्जापायी जप्त झालं, मालकाने हात वर केले, तसे खलाशी एकेक करून घरी गेले. कोर्टाचा हुकूम होता, किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या या जहाजावर एक माणूस राहिलाच पाहिजे. सारंग राहिला. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, लेक तिच्या संसारात होती. त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

इंजिन थंड, खोल्यांना कुलपं. दाणापाणी आणणारा होडीवाला सामान दोरीला बांधून द्यायचा आणि लगेच पाठ फिरवायचा. बोलायला उरली ती किनाऱ्यावरची वायरलेसवाली बाई. रोज सकाळी ती विचारायची, सगळं ठीक? तिला ‘ठीक’ एवढंच ऐकायचं असे. पण सारंग सांगत सुटायचा: नाळ वाऱ्याकडे आहे, जहाज डावीकडे जरासं कललंय, साखळी ताठ आहे. एकदा तिने विचारलं, नाळ म्हणजे काय हो? पाणी कापतो तो पुढचा निमुळता भाग, त्याने सांगितलं. त्या दिवशी जेवताना तो स्वतःशीच हसला. मग ती अधूनमधून एखादा शब्द विचारू लागली.

एका दुपारी वारा पिसाळला. बगलेला दिसणारं दीपगृह हळूहळू नाळेकडे सरकू लागलं. म्हणजे जहाज मागे, खडकांकडे चाललं होतं.

“नांगर धरत नाही,” तो वायरलेसवर म्हणाला. “फरफटतोय.”

“जहाज ओढायला टग पाठवते. तुम्ही बोलत राहा.”

“बोलत बसलो तर जहाज जाईल, बाई.”

दुसऱ्या नांगराची साखळी रोखून धरणारा ब्रेक गंजला होता. अंगावर लाटा घेत सारंगने घणाचे घाव घातले. साखळी गडगडत सुटली, तो आडवा पडला. जहाजाने हिसका खाल्ला आणि ते थांबलं. तो परत आला तेव्हा बाई हाका मारत होती; तिचा आवाज बसला होता.

टगने जहाज धक्क्याला लावलं, तिथे पहारेकरी आले, सारंग मोकळा झाला. तो बाईला भेटायला गेला. ती त्याच्या लेकीच्याच वयाची निघाली. चहा आला, संपला.

“आता कुठे जाणार?” तिने विचारलं.

याचा त्याने विचारच केला नव्हता. “लेकीकडे जाईन म्हणतो.”

तेवढ्यात वायरलेसवर दुसरं जहाज बोलू लागलं. ती तिकडे वळली.

धक्क्यावर बसून त्याने लेकीला फोन लावला. ती घाईत होती. काही हवंय का, म्हणाली.

“नाही. जमिनीवर आलोय, एवढंच सांगायचं होतं.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. “मग तिथे काय करताय, बाबा? या की घरी.”

येतो म्हणाला खरा, पण धक्क्याला बांधलेल्या जहाजाकडे पाहत तो बराच वेळ तिथेच बसून राहिला.